पोर्शे 911 कॅरेरा 3.2 चा एक्झॉस्ट बदलायचाय: मुंबईच्या हवेत काय टिकेल?

फ्लॅट_सिक्स

नमस्कार मंडळी,

गाडी 1985 ची 911 कॅरेरा 3.2, राइट हँड ड्राइव्ह, युरोपीय स्पेक. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) नाही. एक्झॉस्ट मूळचाच आहे आणि आता त्याचं आयुष्य संपलंय. मागचा सायलेन्सर शिवणीवर फुटलाय. डाव्या हीट एक्स्चेंजरच्या (एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीची पत्र्याची पेटी, हीटरची गरम हवा तिथूनच येते) खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर दाबला तर आरपार जातो. हीटरची कळ वर केली की केबिनमध्ये धुराचा वास येतो. गाडी दादरला समुद्राच्या बाजूला कव्हरखाली उभी असते.

परदेशातले बरेच जण जुन्या पद्धतीचे स्टेनलेस हीट एक्स्चेंजर आणि दोन तोंडांचा सायलेन्सर लावतात, त्याला बॅकडेटिंग म्हणतात, हे माहीत आहे. पण मुंबईत हीटर कुणाला लागतो? सरळ हेडर (पेटी नसलेल्या उघड्या एक्झॉस्टच्या नळ्या) लावले तर वजन आणि पैसे दोन्ही वाचतील का? ऑइलच्या नळ्याही बदलाव्या लागतात असं ऐकलं, ते खरं का? आणि इथल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेणं कितपत शहाणपणाचं? पीयूसी आणि ट्रॅफिक पोलीस यांचंही सांगा.

---

टिग_आर्गॉन

सगळ्यात आधी: नवीन सामान येईपर्यंत हीटर अजिबात लावू नका आणि काचा थोड्या उघड्या ठेवून चालवा. एअर-कूल्ड गाडीत केबिनची गरम हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या पत्र्याच्या पेटीतूनच येते. आतली नळी सडली की कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये. वास येतोय तो इतर वायूंचा, मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून "वास कमी झाला" याला काही अर्थ नाही.

आता मूळ एक्झॉस्टमध्ये खोट कुठे आहे ते बघू. 911 चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-6-2-4-3-5. डावीकडे 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. म्हणजे प्रत्येक बाजूचे तीन सिलिंडर बरोबर 240 अंशांच्या अंतरानं पेटतात. तीन नळ्या एकत्र आणायला याहून चांगली रचना मिळणार नाही: एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याला ओढून घेतो, आडवा येत नाही. 1975 पासूनच्या रचनेत मात्र डाव्या बाजूचा सगळा धूर इंजिनाखालून उजवीकडे नेला, तिथे दोन्ही बाजू एकत्र केल्या आणि मग प्री-सायलेन्सरमधून मागच्या सायलेन्सरमध्ये सोडला. वळणं वाढली आणि तिनाचा तो ताल मोडला. बॅकडेटिंग म्हणजे दोन्ही बाजू सायलेन्सरपर्यंत वेगळ्या ठेवायच्या, बस. फरक मधल्या आरपीएमला जाणवतो, गाडी खालून लवकर ओढते. नुसत्या एक्झॉस्टमुळे गाडी वेगळीच होईल अशी अपेक्षा ठेवू नका. युरोपीय 3.2 मुळातच 231 पीएसची आहे.

मागवताना नळीचा आतला व्यास बघा. तो सिलिंडर हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपेक्षा (धूर बाहेर पडायच्या तोंडापेक्षा) लहान असेल तर जोडावर पायरी तयार होते आणि सगळा फायदा तिथेच संपतो. कॅटलॉगवर विसंबू नका, पोर्ट व्हर्नियरनं मोजा.

मटेरियल: 304 स्टेनलेस. विकणारा "एसएस" म्हणाला की खिशातून चुंबक काढा. 304 ला चुंबक चिकटत नाही, वाकवलेल्या जागी फार तर किंचित ओढ लागते. कडक चिकटला तर तो बहुतेक 409, स्टेनलेसचाच दुसरा प्रकार, आहे. 409 वाईट नाही, बऱ्याच कंपन्या नव्या गाड्यांना तोच लावतात, पण दादरच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात वरून तांबूस होतो. साधं लोखंड, मग ते ॲल्युमिनियमचा लेप दिलेलं असलं तरी, वेल्डच्या जागी लेप जळून गेलेला असतो आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. तुमचा सायलेन्सर शिवणीवर फुटला तो याचमुळे.

लोकल फॅब्रिकेशन: सायलेन्सर हो, हीट एक्स्चेंजर नाही. सायलेन्सरसाठी 1.5 मिमी जाडीचा 304 पत्रा आणि नळी सी. पी. टँक, कीका स्ट्रीट भागात सहज मिळते, आणि मुंबईत टिग वेल्डिंगचे हात उत्तम आहेत. फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरा. फिलर रॉड (टाक्यात वितळवायची तार) 308एल हवा. आणि वेल्ड करताना नळीच्या आतही आर्गॉन सोडायला सांगा. आतून गॅस दिला नाही तर टाक्याच्या मागच्या बाजूला काळी खरखरीत साखर जमते, बाहेरून टाका चकचकीत दिसतो आणि काही महिन्यांत तिथेच चीर पडते. तपासायचं तर नळीच्या तोंडातून बॅटरी मारून आतला टाका बघा. चंदेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर काम चोख आहे.

हीट एक्स्चेंजरला मात्र सहा पोर्टची तोंडं एका पातळीत यावी लागतात आणि त्यासाठी जिग (तुकडे जागच्या जागी धरून ठेवणारा साचा) लागतो. जिगशिवाय केलेली जोडी बसते, पण स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या, वर नट लागणाऱ्या आट्यांच्या सळ्यांवर) सतत ताण राहतो.

---

आटेवाला

वरचं सगळं बरोबर. पण खरं काम नळ्यांचं नाही, स्टड आणि ऑइल लाइनचं आहे. वेळ आणि पैसा तिथे जातो.

स्टड आधी. प्रत्येक सिलिंडरला दोन, एकूण 12, एम8. पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचं हेड, मध्ये खारी दमट हवा. दोन वेगळे धातू आणि क्षार एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पावडर आट्यांमध्ये फुगून स्टड घट्ट धरते. नट फिरवलात की नट नाही सुटत, स्टड पिळवटून तुटतो.

म्हणून चार दिवस आधीपासून रोज भेदक तेल मारायचं. खोलायच्या दिवशी फक्त नट तापवायचा, हेड नाही. इंडक्शन हीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑक्सि-ॲसिटिलीनची बारीक ज्योत. त्याआधी पेट्रोलच्या नळ्या बघून घ्या: रबर भेगाळलं असेल तर ज्योत पेटवूच नका, आधी नळ्या बदला. नट मंद लाल झाला की ज्योत बाजूला करा आणि साध्या मेणबत्तीचं टोक आट्यांना लावा. वितळलेलं मेण आत शोषलं जातं. मग आधी किंचित आवळा, मग सोडा, परत आवळा. असं पुढेमागे करत काढा. काही नट हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमधल्या फटीतून लांब ॲलन कीनं पोचायचे असतात. ते लांबट नळीसारखे असतात आणि त्यांच्या षटकोनी खाचेत गंजाची माती भरलेली असते. ती आधी सुईनं टोकरून काढा, की तळापर्यंत हातोडीनं ठोकून बसवा आणि मगच जोर लावा. खाच गोल झाली की नट कापण्यावाचून इलाज नाही.

तरी एखादा स्टड तुटलाच आणि बाहेर 5-6 मिमी शिल्लक असेल, तर त्यावर नट ठेवून मिगनं भरून घ्या, लाल असतानाच फिरवा. वेल्डच्या उष्णतेनंच पकड सुटते. हेडच्या पातळीत तुटला तर हातानं ड्रिल मारू देऊ नका. ड्रिल पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि भोक वाकडं होतं. शेजारच्या स्टडवर बसणारी गाइड प्लेट लेथवाल्याकडून करून घ्या, मधोमध लहान भोक पाडा, मग टप्प्याटप्प्यानं मोठं करा. आटे गेले असतील तर एम8 × 1.25 चा टाइमसर्ट (नवे आटे देणारी धातूची बुश) बसवा. तारेचा हेलिकॉइल स्वस्त पडतो, पण एक्झॉस्टला वारंवार तापणं-थंड होणं असल्यानं पुढच्या वेळी तो स्टडबरोबर बाहेर येतो.

नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्या. नागदेवी स्ट्रीटला स्टेनलेसचे चकचकीत नट मिळतात, ते इथे नकोत. स्टेनलेस नट स्टेनलेस स्टडवर तापला की आटे एकमेकांत रुतून जाम होतात.

आता ऑइल लाइन. हो, खरं आहे, आणि 3.2 ला हे टाळता येत नाही. 911 ड्राय सम्प आहे, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत राहतं. ही ऑइलची टाकी उजवीकडे मागे, थर्मोस्टॅट उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत. 3.2 मध्ये या बाजूच्या लाइन ज्या वळणानं जातात तिथेच जुन्या पद्धतीच्या उजव्या हीट एक्स्चेंजरचं पोट येतं. म्हणून 1984 च्या आधीच्या वळणाच्या लाइन लावाव्या लागतात. याचे तयार सेट "बॅकडेट ऑइल लाइन" म्हणूनच विकले जातात. हीट एक्स्चेंजरबरोबर त्याच ऑर्डरमध्ये मागवा. नाहीतर गाडी पोटाखाली उघडी पडून कुरिअरची वाट बघत बसते.

थर्मोस्टॅटवरचा मोठा नट 36 मिमीच्या पान्याचा. नट पोलादी, थर्मोस्टॅटचं अंग ॲल्युमिनियमचं, दुखणं पुन्हा तेच. जोर लावून फिरवलात तर थर्मोस्टॅटचे आटे नटाबरोबर सोलून येतात आणि ते अंग महाग आहे. जुनी लाइन तशीही फेकायचीच आहे, तेव्हा ती बळी द्या: नटाला एका बाजूनं डायग्राइंडरनं चीर पाडा, आट्यांच्या जरा अलीकडे थांबा, चिरेत छिन्नी घालून नट उघडा. पाच मिनिटांचं काम आहे आणि थर्मोस्टॅट वाचतो. नवीन नट बसवताना दोन पाने लावा, एक धरायला, एक फिरवायला.

ऑइल टाकीतून आणि सम्पमधून, दोन्हीकडून काढा. सगळी प्रणाली सुमारे 13 लिटरची आहे, निघतं साधारण 10. परत भरताना 9 घाला, इंजिन पूर्ण गरम करा, चालू इंजिनावर सपाट जागी डिपस्टिक बघा आणि मग थोडं थोडं वाढवा. थंड इंजिनावर बघून भरलं तर हमखास जास्त होतं आणि ते एअर फिल्टरमध्ये ओकतं.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. हीट एक्स्चेंजर खाली आले की चार ऑइल रिटर्न ट्यूब (हेडमधलं ऑइल परत इंजिनात आणणाऱ्या नळ्या) समोर उघड्या दिसतात. एरवी तिथे हात पोचत नाही. त्या ओल्या असतील तर आत्ताच बदला. दोन तुकड्यांच्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या ट्यूब मिळतात, त्यांना हेड काढावं लागत नाही. ओ-रिंग व्हायटॉनच्या घ्या. खालच्या व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंगही बदला आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप, थंड इंजिनावर 0.10 मिमी, याच वेळी करा. नव्या स्टेनलेसवर थेंब थेंब ऑइल पडून धूर काढणारी गाडी बघितली की वाईट वाटतं, कारण तो धूर शंभर टक्के टाळता येण्यासारखा असतो.

---

घाटरस्ता

मी हेडरच्या बाजूनं. मुंबईत वर्षातून एकदाही हीटर लागत नाही. हीट एक्स्चेंजरचं वजन, किंमत, आत लपलेला गंज, सगळंच जातं. शिवाय फॅनची जी हवा हीटरकडे जाते ती सिलिंडरला मिळते. इथल्या उन्हात तेच हवं ना?

---

टिग_आर्गॉन

हवेचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. हेडर लावलेत तर हीटरकडे हवा नेणारं तोंड बंद केलंच पाहिजे, नाहीतर फॅनची हवा नुसती बाहेर वाया जाते आणि सिलिंडर उलट जास्त तापतात. हे न करता फिरणाऱ्या गाड्या आहेत. उलट हीट एक्स्चेंजर ठेवले असतील तर ते तोंड कधीही बंद करू नका. हीटर बंद असतानाही हवा त्या पेट्यांमधून वाहत असते आणि पुढच्या फ्लॅपमधून गाडीखाली सोडली जाते. ती थांबली की पेटी आतून भट्टीसारखी तापते.

दुसरं, हीट एक्स्चेंजरचं कवच ढालीचं काम करतं. उघड्या हेडरपासून रिटर्न ट्यूब आणि खालचं व्हॉल्व्ह कव्हर फार लांब नसतं. कुर्ल्याच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं रखडलात की वाहती हवा नाही, आणि ती सगळी उष्णता वर ऑइलमध्ये जाते. हेडरला कापडी हीट रॅप गुंडाळायचा मोह टाळा. पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो आणि नळी आतल्या आत खातो. गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग बरं.

तिसरं, पाऊस. जुलैत काचा बंद, आत दोन माणसं, बाहेर धो धो, पुढची काच पाच मिनिटांत धुरकट होते. या गाडीचा एसी तेव्हा फारसा कामाचा नसतो. काच साफ ठेवायला गरम कोरडी हवा लागते. मुंबईत हीटर थंडीसाठी नाही, पावसासाठी लागतो. ट्रॅकसाठीची गाडी असेल तर हेडर, रस्त्यावरची असेल तर हीट एक्स्चेंजर, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

घाटरस्ता

पावसाचा मुद्दा मान्य. मी कोरड्या दिवसांतलीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं.

---

फ्लॅट_सिक्स

फार मोलाची माहिती, मनापासून आभार. हीट एक्स्चेंजर आणि ऑइल लाइन एकत्रच मागवतो. सायलेन्सर एका तोंडाचा घ्यावा की दोन? आणि पीयूसीचं राहिलंच.

---

पीयूसी_ते_पासिंग

एका तोंडाचा घ्या, म्हणजे दोन नळ्या आत आणि एक बाहेर. त्याचं तोंड डावीकडे मूळच्या जागीच निघतं, मागचा पत्रा कापावा लागत नाही. दोन तोंडांच्या सायलेन्सरला उजवीकडे नवीन खाच पाडावी लागते. मूळ बॉडीवर कात्री चालवणं या गाडीला शोभत नाही, आणि पुढे विकायला गेलात तर घेणारा पहिलं तेच बघतो.

आवाजाबद्दल. आत जाळी आणि ग्लासवूल असलेले "स्पोर्ट" सायलेन्सर आधी छान वाटतात, पण एकाच आरपीएमवर वाहताना केबिनमध्ये घुमतात, आणि वूल जळालं की दर वर्षी मोठे होत जातात. आतून कप्पे असलेला सायलेन्सर घ्या. मुंबईत मॉडिफाइड सायलेन्सरवर कारवाईच्या मोहिमा निघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं. स्टेनलेस म्हणून कुणी पकडत नाही, आवाजावरून पकडतात. मूळ सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवा, फुटका असला तरी. मापं घ्यायला आणि पुढे दाखवायला उपयोगी पडतो.

पीयूसीत 2000 सालाआधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओ 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएम अशी मर्यादा आहे. धड ट्यून केलेली 3.2 त्यात आरामात बसते. काम सुरू करण्याआधी एकदा पीयूसी करून आकडे लिहून ठेवा, काम झाल्यावर परत करा. सीओ अचानक खूप कमी दिसला तर खुश होऊ नका. बहुतेक वेळा जोडातून बाहेरची हवा आत शिरतेय आणि नमुना पातळ होतोय.

मिश्रणाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे गफलत होते. युरोपीय 3.2 ला लॅम्डा नाही, म्हणजे मोट्रॉनिकला (इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या कॉम्प्युटरला) धूर कसा निघतोय ते कळतच नाही. एअर फ्लो मीटरनं मोजलेल्या हवेवर ठरलेलं पेट्रोल ते देतं. एक्झॉस्ट बदलल्यानं वाढलेली हवा मीटर मोजतोच, ती चिंता नाही. चिंता पेट्रोलची आहे. शुद्ध पेट्रोलला दर किलोमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण 13.5. 1985 चा मॅप (किती पेट्रोल द्यायचं त्याचा चिपमधला तक्ता) ई20 वर चालवला तर गाडी सगळीकडे सात-आठ टक्के लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चालते. मोकळा एक्झॉस्ट, लीन मिश्रण आणि 10.3:1 कॉम्प्रेशन एकत्र आलं की उन्हाळ्यात घाट चढताना हेड नको तितकं तापतं. फ्लो मीटरवरच्या सीओ स्क्रूनं फक्त आयडल सुधारतो, वरचं काही बदलत नाही. वरचं सुधारायला चिप रीमॅपच करावा लागतो.

म्हणून नवीन हीट एक्स्चेंजर बसवण्याआधी, खाली टेबलावर असतानाच, दोन्ही बाजूंच्या एकत्र आलेल्या नळीवर एम18 × 1.5 चा एकेक बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) टिगनं लावून घ्या. सेन्सरचं टोक आडव्या रेषेपेक्षा किमान 10 अंश खाली झुकलेलं हवं, नाहीतर थंड सुरुवातीला साचलेलं पाणी सेन्सर फोडतं. एरवी बूच लावून ठेवा. वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून बघाल तेव्हा आकडा लॅम्डामध्ये वाचा: 1 म्हणजे हवा-पेट्रोल नेमक्या प्रमाणात, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. मीटरवर 14.7 दिसलं तरी ते कुठल्याही इंधनासाठी लॅम्डा 1 च असतं. फुल थ्रॉटलला लॅम्डा 0.86 ते 0.88 च्या आसपास ठेवायचा. आणि 100 ऑक्टेनचं पेट्रोल मुंबईत मिळतं, या कॉम्प्रेशनला तेच भरा.

---

आटेवाला

बसवण्याचा क्रम राहिला, तो सांगतो.

हेडची पोर्ट घासून स्वच्छ करा, सहाही पॅकिंग नवीन. हीट एक्स्चेंजर वर टेकवून 12 नट फक्त बोटानं लावा. सायलेन्सर त्याच्या पट्ट्यांवर सैल टांगा आणि तीन-तीन बोल्टचे फ्लँज नव्या पॅकिंगसकट सैलच जोडा. सगळं आपोआप बसलं पाहिजे. एखादं भोक जुळत नसेल तर पहार घालून ओढू नका, कुठे अडतंय ते शोधा. मग आतून बाहेर आवळत या: आधी पोर्टचे नट 20 ते 25 न्यूटन-मीटर, दोन फेऱ्यांत, मग फ्लँज, शेवटी सायलेन्सरच्या पट्ट्या. उलट क्रमानं आवळलंत तर सायलेन्सरचं वजन पोर्टवर लोंबकळतं. 304 तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगतं, त्यामुळे तो ताण सगळ्यात आधी स्टडवर येतो.

चालू करण्याआधी नळ्यांवरचे बोटांचे ठसे ॲसिटोननं पुसा. राहिले तर ते कायमचे भाजले जातात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बनवतानाचं तेल जळून धूर आणि वास येईल, तेव्हा हीटर बंद ठेवा.

गळती थंड इंजिनावरच तपासा. व्हॅक्युम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड सायलेन्सरच्या नळीला फडक्यानं बांधा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. फ्लँजवर बारीक फेस आला तर चालेल, तापल्यावर तो बंद होतो. पोर्टवर एकही बुडबुडा नको. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तर ते मिश्रणाचं नाही, नव्वद टक्के वेळा जोडातून आत शिरणाऱ्या हवेचं असतं.

सुरुवातीला दोन-तीन वेळा गाडी पूर्ण गरम करून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी नट परत टॉर्कवर तपासा. आणि पहिल्या पावसाळ्यात मिलन सबवेसारख्या तुंबणाऱ्या जागा टाळा. लाल तापलेल्या नळीवर गार पाणी आलं की सगळ्यात आधी जिथे तीन नळ्या एकत्र येतात तिथला टाका तडकतो, आणि तो दुरुस्त करायला सगळं परत खाली उतरवावं लागतं.

---

फ्लॅट_सिक्स

क्रम प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय. एक शंका: टाइमसर्टचा किट आधीच घेऊन ठेवू का, की स्टड तुटला तर बघू?

---

आटेवाला

आधीच घ्या. दोन सर्ट, ड्रिल, काउंटरबोर, टॅप आणि सर्ट बसवायचं टूल एवढं पुरेल. आणि स्टड 12 च्या 12 नवीन मागवा. जे न तुटता सुटतील त्यांचेही आटे खाल्लेले असतात.